भाकरी, हुरडा आणि कमरेचा पंप

पौष लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या रानात आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवा दाणा लसणाच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर खायचा. अशा वेळी टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘खा रे, ज्वारीच ती, तिनं साखर वाढत नाही.’ पूर्वी हे वाक्य तपासायची सोय नव्हती. चार तासांनी बोट टोचलं तर मधल्या वेळात काय घडलं ते कळायचं नाही. आता दंडावर सेन्सर असतो. तासाभरात मोबाईलवरची रेघ चढणीला लागते आणि त्या वाक्याचा निकाल आगटीशेजारीच लागतो.

इन्सुलिन पंप आणि सतत साखर मोजणारा सेन्सर वापरायला सुरुवात करणाऱ्या घरांमध्ये असे बरेच समज आधीपासून मुक्कामाला असतात. काही भीतीतून आलेले, काही भाबड्या आशेतून. भीतीमुळे माणूस फार तर पंप घेत नाही. आशेवर विसंबलेला माणूस मात्र पंप लावून गाफील राहतो, म्हणून आशेचे समज आधी निस्तरायला हवेत.

भाकरीपासूनच सुरुवात करू. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठात सुमारे ६४ आणि बाजरीत सुमारे ६२. ज्वारी-बाजरीत तंतू भरपूर असतात, साखर जरा सावकाश चढते, हे खरं आणि चांगलंच. पण सावकाश चढणं म्हणजे न चढणं नव्हे. घरची भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यात ४७-४८ ग्रॅम कर्बोदकं येतात. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत एकोणीस. म्हणजे एक भाकरी अडीच पोळ्यांच्या तोलाची. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि गूळ रंगानं वेगळा असला तरी शरीराच्या लेखी साखरच.

हा हिशेब पंपवाल्या घरात रोज लागतो, कारण जेवायच्या आधी पंपाला ग्रॅमचा आकडा सांगावा लागतो. पहिला आठवडाभर स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवला तर मोठं काम होतं. पीठ मळायच्या आधी तोलायचं. थापायला घेतलेल्या उंड्यात पाण्याचंही वजन असतं, त्यामुळे तिथे आकडा फसतो. आठ दिवसांत भाकरी करणाऱ्या बाईच्या हाताला आपला अंदाज नेमका बसतो. मग काटा फडताळात गेला तरी चालतं.

‘पंप लावला की मशीनच सगळं बघतं’ हा सर्वांत महागात पडणारा समज. पंप म्हणजे लहानशा मोबाईलएवढी पेटी. तिच्या आत इन्सुलिनची छोटी टाकी आणि तिचा दट्ट्या कणाकणानं पुढे ढकलणारी मोटर. टाकीतून निघालेली बारीक नळी पोटावर किंवा मांडीवर चिकटवलेल्या मऊ कॅन्युलापर्यंत जाते. टाकीत एकाच जातीचं इन्सुलिन भरतात, झटपट काम करणारं. दिवसरात्र थेंबाथेंबानं जातं ते बेसल आणि जेवणासाठी एकदम घेतलं जातं ते बोलस. बेसलचा वेग तासाला अर्धा युनिट ठेवला तर चोवीस तासांत बारा युनिट जातात. खरी गंमत अशी की हा वेग तासागणिक बदलता येतो. पहाटे शरीरातली संप्रेरकं साखर वर ढकलतात. तेवढ्या तासांपुरता वेग वाढवायचा, दुपारी शेतात राबायचं असेल तर कमी करायचा. रात्री टोचलेल्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला असं मध्येच थांब किंवा चल म्हणता येत नाही. काही पंप तर युनिटच्या चाळिसाव्या भागापर्यंतचा फरक करू शकतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एक युनिटसुद्धा कधी जास्त होतो, त्याच्या आईला या बारकाव्याचं मोल कळतं.

यातलं मशीन स्वतःहून काय करतं? साधा पंप काहीच ठरवत नाही, आपण बसवलेला वेग पाळतो. त्यापुढचा पंप सेन्सरशी जोडलेला असतो आणि साखर घसरू लागली की इन्सुलिन थांबवतो. त्याहून पुढचा पंप सेन्सरचा आकडा बघून दर पाच मिनिटांनी बेसल कमी-जास्त करतो. अशा पहिल्या पंपाला, मेडट्रॉनिकच्या ६७०जीला, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली; त्याचा पुढचा अवतार ७८०जी भारतातही मिळतो. पण तोही निम्माच स्वयंचलित आहे. ताटात काय वाढलंय ते त्याला दिसत नाही, जेवणाची खबर माणसानंच द्यायची. दुकानात मिळणारा कोणताही सेन्सर कोणत्याही पंपाशी बोलतो असंही नाही. जोडी जुळते का, हे पैसे भरायच्या आधी विचारलेलं बरं.

सेन्सर रक्तातली साखर मोजतो, हाही असाच समज. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवात असतो. साखर आधी रक्तात बदलते, मग तिथे पोचते, म्हणून सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असताना हे जाणवत नाही. झपाट्यानं पडत असताना मात्र सेन्सर ८५ दाखवतो आणि बोटाच्या रक्तात ती ६५ वर आलेली असू शकते. म्हणून आकड्याइतकंच त्याच्या शेजारच्या बाणाकडे बघायला शिकावं लागतं. रात्री सेन्सरच्याच कुशीवर दाबून झोपलं तर साखर उगाच खाली गेलेली दिसते. कूस बदलली की आकडा जागेवर येतो. काही सेन्सर पॅरासिटामॉलनं चकतात, काही क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं. थोडक्यात, ग्लुकोमीटर माळ्यावर टाकायचा नाही. अंगाला घाम सुटलाय, हात थरथरतायत आणि सेन्सर सगळं ठीक सांगतोय, तर बोट टोचायचं.

पंपासाठी ऑपरेशन करावं लागेल ही भीती मात्र एका वाक्यात संपते: पंप शरीराच्या बाहेर असतो, सेन्सरही घरीच बसवता येतो आणि कॅन्युला त्वचेखाली सोडून तिची सुई लगेच बाहेर काढली जाते. नळी-कॅन्युलाचा हा संच साधारण दोन-तीन दिवसांनी, जागा बदलून, घरीच नव्यानं लावायचा. त्याच त्याच जागी लावत राहिलं तर तिथे चरबीची गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. लोडशेडिंगचीही चिंता नको. बरेच पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतात. चिंता करायचीच तर एप्रिल-मेच्या उन्हाची करावी. श्रीगोंदा-कर्जतच्या उन्हात उभ्या गाडीत पंप किंवा इन्सुलिन राहिलं तर औषधाचा जोर जातो, आणि घामानं चिकटपट्टी सुटली तर कॅन्युला अलगद बाहेर येते. एमआरआयच्या खोलीत जाताना मात्र पंप काढून बाहेरच ठेवायचा.

कॅन्युला सुटण्याला इतकं महत्त्व का? पंपावरच्या माणसाच्या अंगात लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा साठा नसतो. नळी तुंबली, हवेचा बुडबुडा अडकला, कॅन्युला दुमडली की काही तासांतच शरीरात कीटोन नावाची घातक आम्लं साचू लागतात. मग उलट्या, पोटदुखी, धाप. साखर २५० च्या वर गेली आणि दुरुस्तीचा बोलस देऊनही तास-दोन तासांत उतरली नाही, तर दोष पंपातच आहे असं धरून चालायचं. पेननं इन्सुलिन घ्यायचं, नवा संच लावायचा, कीटोन तपासायचे. उलट्या थांबत नसतील तर पुण्याच्या रस्त्याला न लागता जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

इथेच एक धोका दबा धरून बसलेला असतो, आणि तो खास आपल्याकडचा आहे. भारतात इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पंपात घालायचं इन्सुलिन मात्र १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पंप बंद पडलेल्या रात्री घाबरलेल्या घरात जुनी लाल सिरिंज हाताला लागते. तिच्यावर दहाच्या रेघेपर्यंत १०० चं इन्सुलिन ओढलं तर अंगात जातात २५ युनिट. अडीचपट! पंप घरात आला त्या दिवशी लाल सिरिंजा घराबाहेर गेल्या पाहिजेत, आणि सुटे डोस घ्यायला इन्सुलिन पेन असलं पाहिजे. पेनमध्ये रेघांचा हा घोळच होत नाही.

पंप सुरू करायच्या दिवसाचंही गणित असतं. आदल्या दिवशी घेतलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन अजून अंगात काम करत असतं. काही प्रकार चोवीस तास टिकतात, काही चाळीस तासांहून जास्त. ते असतानाच पूर्ण बेसल सुरू केलं तर साखर कोसळते. शिवाय पंपावर एकूण इन्सुलिन इंजेक्शनांपेक्षा कमी लागतं, म्हणून डॉक्टर सुरुवातीचा डोस बहुधा घटवूनच बसवतात. ‘आधी वीस युनिट घेत होतो, आता सोळाच का?’ म्हणून कुणी परस्पर वाढवू नये. पहिले काही आठवडे आकडे वेडेवाकडे येतात, अलार्म रात्री-अपरात्री वाजतात, घर वैतागतं. पंप बिनकामाचा ठरवून कपाटात टाकायची घाई याच दिवसांत होते, आणि हेच दिवस शिकण्याचे असतात. साखर ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाच्या सत्तर टक्के वेळ ठेवणं हे बहुतेकांसाठी मान्य झालेलं लक्ष्य आहे. शंभर टक्के कुणीच मागितलेले नाहीत.

आता पैशाचं. पंपाची किंमत लाखांत जाते, आणि पेटी घेतली की भागलं असं होत नाही. महिन्याला साधारण दहा संच, टाक्या, इन्सुलिन आणि सेन्सर लागतात. चौदा दिवस चालणारा एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं एप्रिल २०२४ पासून टाइप १ च्या रुग्णांना टप्प्याटप्प्यानं स्वयंचलित पंप द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे हा भार बहुतेक घरांना स्वतःच उचलावा लागतो. तेव्हा पंप घेता आला नाही म्हणजे लेकराचं वाटोळं केलं, असा अपराध कोणत्याही आई-बापानं मनाला लावून घेऊ नये. काटेकोर उपचारांनी डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे सिद्ध करणारा अमेरिका-कॅनडातला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांत सुरुवातीला बिघाड नव्हता त्यांच्यात तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. तेव्हा असे सेन्सर नव्हते. ते रुग्ण दिवसाला चार-चार वेळा बोट टोचत होते आणि इंजेक्शनं किंवा त्या काळचे साधे पंप वापरत होते. परवडेल तेव्हा एखादा सेन्सर लावून चौदा दिवसांत आपल्या ताटाचा स्वभाव ओळखता येतो, हेही कमी नाही.

‘हे शहरातल्या शिकलेल्यांचं काम’ असं म्हणणाऱ्याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायका तिथे बाळंतपण करायला, बाळांचं वजन घ्यायला, आजार ओळखायला शिकल्या. त्यांना डॉक्टरांनी धीरानं, पुन्हा पुन्हा शिकवलं, इतकंच. पंपालाही तेच लागतं. म्हणून पंप विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी विचारावं: शिकवणार कोण, किती दिवस, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था टाइप १ च्या गरजू मुलांसाठी काम करते, पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतही अशा मुलांवर काम चालतं. पाथर्डीहून असो की पारनेरहून, ही दोन्ही शहरं एसटीच्या टप्प्यात आहेत.

मुलगी असेल तर आणखी एक समज घराच्या उंबऱ्यावर उभा असतो: पंप दिसला तर लग्न कसं जमेल? त्यापायी कितीतरी मुली सेन्सर लपवतात, पाहुण्यांसमोर डोस चुकवतात. दुखणं लपवून जमलेल्या लग्नात पुढे इन्सुलिनही लपूनच घ्यावं लागतं, आणि ते जिवावर बेततं. टाइप १ असलेल्या बाईला निरोगी मूल होऊ शकतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, अनेक देशांत झालेल्या चाचणीत गरोदरपणात सेन्सर वापरणाऱ्या टाइप १ च्या स्त्रियांची बाळं जास्त सुखरूप निघाली. प्रमाणाबाहेर वजनाची बाळं कमी, अतिदक्षता विभागात ठेवावी लागणारीही कमी. सोयरिकीच्या बैठकीत ही गोष्ट मुलीच्या बापानं मान वर करून सांगावी.

आणि शाळा. परीक्षेत कमरेची पेटी मोबाईल समजून काढून घेतली जाते, अलार्म वाजला की पोराला वर्गाबाहेर काढलं जातं. सीबीएसईनं २०१७ मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा दिली. इतर शाळांत पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षकांना भेटावं, त्यांना पंप हातात घेऊन दाखवावा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शिर्डीचा पेढा दप्तरात असला तरी त्या वेळी तो कामाचा नाही, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

दप्तरातल्या डब्यात ग्लुकोजची पुडी, ग्लुकोमीटर, इन्सुलिन पेन, एक जादा संच, एक जादा सेल. आणि झाकणाला आतून चिकटवलेला कागद, मोठ्या अक्षरांत: आईचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, आणि त्याखाली, ‘बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.’