स्वस्त कर्ज आणि रिकामा खिसा

मंदी आली की व्याजाचा दर उतरवावा आणि स्वस्थ बसावे, हा उपाय सरकारांना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. त्यासाठी ना तिजोरी उघडावी लागते, ना संसदेत हिशेब द्यावा लागतो. परंतु तेवढ्याने भागत नाही, हे 2020 सालाने दाखवून दिले. त्या वर्षी मार्च ते मे या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 5.15 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला. पण टाळेबंदीत ज्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले, त्या कारखानदाराने कर्ज काढावे तरी कशासाठी? बँकांनीही बुडिताच्या धास्तीने आपला पैसा 3.35 टक्क्यांच्या अल्प व्याजावर पुन्हा रिझर्व्ह बँकेकडेच ठेवला. मागणीचा आडच कोरडा, तेथे व्याजदराचा पोहरा कितीही खाली सोडून काय उपयोग?

याउलट, त्याच मे महिन्यात रोजगार हमीसाठी वाढवून दिलेले 40 हजार कोटी रुपये गावी परतलेल्या मजुरांसाठी होते, आणि मजुराच्या हाती पडलेला पैसा बाजारात येतोच. महाराष्ट्राला हा धडा 1972 च्या दुष्काळापासून ठाऊक आहे.

खर्चाने तूट वाढते, हा आक्षेप खोटा नाही. 2020-21 मध्ये केंद्राची वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 9 टक्क्यांवर गेली. मात्र तीत महसूल आटल्याचाही वाटा होता. व्याजदर तेजीला लगाम घालू शकतो. मंदीत मात्र, इतर कोणी कर्ज काढण्यास धजत नसता, ते सरकारनेच काढून कामांवर खर्च करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.