कथा आपली, मालकी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात धडगावकडची दोन पावरा पोरं नंदुरबारच्या न्यायालयासमोरच्या चहाच्या टपरीवर मला भेटली. आपल्या बोलीतलं गाणं त्यांनी स्वतः रचलं, स्वतः गायलं आणि मित्राच्या मोबाईलवर डोंगरात चित्रित केलं. लग्नसराईत ते गावोगावी वाजलं. नंतर कुणीतरी थोडे पैसे हातावर ठेवून एका स्टॅम्पपेपरवर त्यांच्या सह्या घेतल्या. आता तेच गाणं दुसऱ्याच्या नावाने फिरतं आहे. "साहेब, गाणं आमचंच आहे ना?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. तो ऐकला आणि मला नागराज मंजुळे आठवले.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या वडार समाजातल्या या माणसाचे कौतुक आपल्या पत्रांनी पुष्कळ केले. ते योग्यच आहे. शाळेची ओढ लागलेल्या पोराची गोष्ट सांगणाऱ्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2014 साली पडद्यावर आलेल्या 'फँड्री'ने पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा राष्ट्रीय सन्मान मिळवला. फुले, सावित्रीबाई, शाहू, गाडगेबाबा, बाबासाहेब यांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीवरून डुकराची कावड वाहून नेणारा जब्या महाराष्ट्राने पाहिला, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर आला. हे सारे आपल्याला पाठ आहे. पण या वाटचालीतली सर्वांत मोठी गोष्ट पुरस्कारांच्या यादीत नाही, असे मला वकील म्हणून वाटते. ती निर्मात्याच्या नावात आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. 1957 च्या कॉपीराईट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. पटकथा लिहिणारा लेखक त्याच्या लेखनाचा कर्ता असतो, पण पडद्यावर उमटलेल्या चित्रपटाची पहिली मालकी निर्मात्याची असते. चित्रपट कुठे दाखवायचा, कुणाला विकायचा, दुसऱ्या भाषेत करायला कुणाला द्यायचा, हे त्याच्या हातात असते. म्हणजे आपली वेदना आपण लिहिली, आपल्याच पोरांनी ती अभिनयातून उभी केली, तरी मालकीच्या कागदावर नाव नसेल तर आपण केवळ मजूर ठरतो. वेठबिगारी गावकुसाबाहेरच असते असे कोण म्हणतो?

'फँड्री'चे निर्माते दुसरे होते. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'च्या निर्मात्यांत मात्र झीबरोबर मंजुळेंच्या 'आटपाट'चे नाव आले. आटपाट नगराच्या कहाण्या आजवर राजाराणीच्या होत्या. या आटपाटात मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या आणि पाटलाची आर्ची आली. शंभर कोटींच्या आसपास गल्ला जमवणारा मराठी चित्रपट जातीच्या प्रश्नावर उभा राहिला, हे प्रस्थापितांना आजही पचलेले नाही. पुढे 2018 च्या 'नाळ'मध्ये निर्माते मंजुळे आणि दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. पहिल्यांदा दिग्दर्शन करणाऱ्या माणसाला त्यांनी दार उघडून दिले. 2022 च्या 'झुंड'चेही ते एक निर्माते. त्यात नागपूरच्या वस्तीतली पोरं आहेत, भीमजयंतीची मिरवणूक आहे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडलेले अमिताभ बच्चन आहेत. हिंदी पडद्यावर असे दृश्य इतक्या वर्षांत किती वेळा दिसले, हे ज्याचे त्याने मोजावे.

मालकी वाटून घेतली की काय होते, तेही याच कहाणीत दिसते. 'सैराट'ची हिंदी आवृत्ती 'धडक' 2018 मध्ये आली. गाणी आली, प्रेम आले, महाल आले, फक्त जात पातळ झाली. मूळ कथेचा कणाच काढून घेतला तर उरते काय? मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय चित्रपट हजार पडद्यांवर जात नाही हे खरे आहे, म्हणून मंजुळेंना दोष देण्यात अर्थ नाही. पण भांडवलाचा हात खांद्यावर असला की कथेची दोरी पूर्णपणे आपल्या हाती राहत नाही, हेही समजून घेतले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत ऑस्कर मिशो नावाचा कृष्णवर्णीय लेखक होऊन गेला. त्याच्या वडिलांचा जन्म गुलामगिरीत झालेला. आपल्या कादंबऱ्या तो दारोदार विकत असे. एका चित्रपट कंपनीने त्याची कादंबरी मागितली, तेव्हा दिग्दर्शन मीच करणार अशी अट त्याने घातली. बोलणी फिसकटली. मग त्याने स्वतःची कंपनी काढली, लोकांना शेअर विकून भांडवल उभारले आणि 1919 मध्ये तोच चित्रपट स्वतः केला. 1915 साली ग्रिफिथच्या चित्रपटाने कू क्लक्स क्लानचा गौरव केला होता. मिशोने जानेवारी 1920 मध्ये गोऱ्या जमावाकडून होणारी कृष्णवर्णीयांची हत्या पडद्यावर दाखवून त्याला उत्तर दिले. लेखक तोच, निर्माताही तोच. अशा चाळीसहून अधिक चित्रपटांचा तो धनी होता.

आणि जानेवारी 1920 म्हटले की आपल्याला काय आठवते? 31 जानेवारीला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला आवाज उमटत नाही हे बाबासाहेबांनी ओळखले, म्हणूनच पुढे भारतभूषण छापखाना उभा राहिला. सात समुद्रांपलीकडचा मिशो आणि इथले बाबासाहेब एकाच महिन्यात एकाच निष्कर्षाला आले होते. साधन आपले हवे.

'सैराट'च्या शेवटी रक्ताने माखलेल्या पावलांनी बाहेर पडणारे लेकरू मला वकील म्हणून झोपू देत नाही. खून झाल्यावर आई-बापाचे मृतदेह त्याने पाहिले आहेत आणि त्याला बोलता येत नाही. शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी सज्ञान स्त्री-पुरुषांच्या निवडीत खाप वा जातपंचायतीने हस्तक्षेप करणे बेकायदा ठरवले. तरीही विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागताच जोडपी भेदरून माझ्याकडे येतात. न्यायालयात त्या लेकराची साक्ष होत नाही. ती पडद्यावर झाली, कारण कॅमेऱ्यामागे ते भोगलेला माणूस होता आणि निर्मात्यांत त्याचे नाव होते.

आता पुन्हा त्या दोन पोरांकडे येऊ. त्यांचा कागद मी वाचला. गाण्याचे हक्क दिल्याचे त्यात होते, पण मुदत लिहिलेली नव्हती. कायदा सांगतो की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि पटकथा लेखक यांचा मानधनातला वाटा राखून ठेवला आहे. चित्रपटगृहाबाहेर ते काम वापरले गेले तर तो वाटा वारसाला किंवा अधिकृत कॉपीराईट संस्थेलाच देता येतो, अन्य कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. पोरांचे डोळे चमकले. "म्हणजे साहेब, ते परत येईल?" परत येईल, पण त्यासाठी तारीख लक्षात ठेवावी लागेल आणि पुढचा कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही.

1998 साली जिल्हा झालेल्या या नंदुरबारमध्ये आदिवासी बांधव बहुसंख्य आहेत. सातपुड्याच्या प्रत्येक पाड्यावर कथा आहे, आता प्रत्येक खिशात कॅमेराही आहे. कमतरता आहे ती मालकीच्या जाणिवेची. आपल्या तरुणांनी पटकथा जरूर लिहावी, पण ती लिहिली की नोंदवावी, करार वकिलाला दाखवावा आणि दहा जणांनी मिळून वर्गणी काढून स्वतःची छोटी निर्मिती संस्था उभारावी. मंजुळेंच्या चित्रपटाला टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. खरे शिक्षण त्यांच्या वाटेवर पुढचे पाऊल टाकण्यात आहे.

जब्याचा दगड हवेत आहे. तो झेलायचा की परत फेकायचा, हे पाहणारे ठरवतील. कॅमेरा मात्र आपल्या नावावर असला पाहिजे.

जयभीम!