गाडीतला मूळ स्टिरिओ काढू नका

नव्वदच्या दशकातल्या गाडीचा कंपनीने बसवलेला कॅसेट स्टिरिओ बिघडला की लोक नवा बसवून मोकळे होतात. हळहळ वाटते, कारण दोष बहुधा दुरुस्त होण्याजोगा असतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो. मग आवाज दबतो, घरघर येते. नवा कपॅसिटर सोल्डर करताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट कमी नकोत, अन् धन-ऋण टोके उलटी लावू नका, नाहीतर तो फुटू शकतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ती फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला की हा वेग बिघडतो अन् सूर डगमगतात. बेल्ट बदला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मात्र बॅटरीची वायर काढण्याआधी सुरक्षा कोड शोधून ठेवा. वीज तुटली की असे अनेक स्टिरिओ कोडशिवाय सुरू होत नाहीत.