मोटारीचा क्लच घरी बदलताना

चढावर इंजिन ओरडते आहे, पण गाडी काही पुढे रेटत नाही, असे तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. ट्रक असो की ट्रॅक्टर, असे झाले की बहुधा दुखणे क्लचचे असते. ते कसे काढतात हे सांगायला मी ट्रायम्फ स्पिटफायर ही छोटी विलायती स्पोर्ट्‌स मोटार घेतो. इंग्लंडात १९६२ ते १९८० पर्यंत ती तयार झाली. तिची ठेवण हेरल्ड गाडीवरून घेतलेली, आणि हेरल्ड आपल्याला परकी नाही; मद्रासला १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बांधू लागले होते. विलायतेतले हौशी लोक आजही स्पिटफायरचा क्लच घराच्या आवारात बदलतात.

क्लच म्हणजे काय? शिक्षकबंधूंनी वर्गात दोन थाळ्या घ्याव्यात, मध्ये घोंगडीचा तुकडा ठेवावा. वरची थाळी दाबून फिरवली की खालचीही फिरते. दाब सोडला की वरची एकटीच फिरते. वरची थाळी म्हणजे इंजिनाचे फ्लायव्हील, घोंगडी म्हणजे अस्तराची चकती. तिला दाबून धरते ती स्प्रिंगची प्रेशर प्लेट. पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो. अस्तर झिजले, किंवा त्यावर तेल उतरले, की चकती घसरते.

पण खोलण्याआधी खात्री करा हो! पेडल पोकळ लागते आणि गिअर टाकताना कडकड होते, तर क्लच घसरत नाही, सुटत नाही. तेव्हा आधी तेलाची डबी आणि नळी पाहावी. नुसती गळती असताना गिअरपेटी उतरवणारे महाभाग कमी नाहीत.

त्याच काळातल्या एम.जी.बी. गाडीला क्लचसाठी इंजिनच उचलून बाहेर काढावे लागते. स्पिटफायरची गिअरपेटी मात्र बैठकीच्या बाजूने, गाडीच्या आतून निघते! बॅटरीची तार सोडा. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवा. काही बोल्ट खालूनच सापडतात, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग बैठका आणि मधले झाकण काढले की पेटी समोर दिसते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही तोंडांवर खूण करून त्याचे चार बोल्ट काढा. वेगमापकाची तार आणि स्टार्टर सोडवा. क्लचचा छोटा सिलिंडर नळीसकट बाजूला ठेवा. त्यानंतर पेडलला कोणी पाय लावू नये. पेटी सुटली की इंजिन मागे कलते, म्हणून त्याच्या तळाला फळी देऊन जॅकचा आधार द्यावा. पेटी सरळ मागे ओढावी. इथे दोघे असलेले बरे.

आता एक गोष्ट जपा. जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षांनी जिवावर उठते. फुंकर मारू नका, झाडूही नको. ओल्या फडक्याने टिपून ते फडके बंद करून टाका.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत, नाहीतर प्लेट वाकते. फ्लायव्हीलवर चिरा किंवा जळाल्याचे निळे डाग आहेत का, पाहा. मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर ते आधी बदला, नाहीतर नवे अस्तर पुन्हा भिजेल. चकतीबरोबर रिलीज बेअरिंगही नवे घालावे, जुने चांगले दिसले तरी. दिवसभर खपून पेटी उतरवलेली असते; दोन महिन्यांनी तेच बेअरिंग किरकिरले तर सगळे पुन्हा!

नवी चकती उलटी बसू शकते. फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, हे दोनदा पाहा. ती नेमकी मध्यावर यावी म्हणून तिच्या भोकातून मापाची दांडी समोरच्या बुशात घालतात. लाकडाची तासलेलीही चालते. मग बोल्ट पुन्हा समोरासमोरचे आवळा आणि दांडी काढा. पेटी बसवताना तिचा भार चकतीवर लोंबकळू देऊ नका; ती जात नसेल तर बोल्टांनी ओढून घेऊ नका. गिअर टाकून मागचा शाफ्ट किंचित फिरवला की दाते जुळतात आणि पेटी आपसूक आत सरकते.

गाडी खाली उतरवण्यापूर्वी एकाने पेडल दाबून गिअर टाकावा, दुसऱ्याने मागचे एक चाक अडवून धरून दुसरे हाताने फिरवावे. चाक मोकळे फिरले, तर क्लच नीट सुटतो आहे.