सापळ्याचा दिवा पहाटेपर्यंत : सेल बदलता येणारी पॉवर बँक निवडताना

हुमणीचे भुंगेरे गोळा करण्यासाठी शेतकऱ्याला वर्षातून मोजक्याच संध्याकाळी मिळतात. वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की दिवेलागणीच्या सुमारास भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. या काळात निसटलेल्या माद्यांच्या अळ्या पुढे ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची मुळे कुरतडतात. म्हणून या दिवसांत प्रकाश सापळ्याची एक रात्रही वाया जाणे परवडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाहणीतील एका शिवारात अशी चूक घडली. बांधावरच्या सापळ्याला वीजजोडणी नव्हती, त्यामुळे अतिनील प्रकाशाचा लहानसा एलईडी दिवा पॉवर बँकेवर लावला होता. सहायकाने दिवा पेटल्याची खात्री केली आणि तो पुढच्या सापळ्याकडे गेला. सलग तीन सकाळी नोंदवहीत 'भुंगेरे अत्यल्प' अशी नोंद झाली. शेजारच्या शेतकऱ्याने मात्र त्याच रात्रींत विजेच्या दिव्याखाली घमेलेभर भुंगेरे गोळा केले होते. आमची पॉवर बँक तपासली, तर ती जवळजवळ पूर्ण भरलेली! दिवा इतकी कमी वीज घेत होता, की पॉवर बँकेने 'काही जोडलेलेच नाही' असे समजून पुरवठा थोड्याच वेळात आपोआप बंद केला होता. नोंदवहीतील ते 'अत्यल्प' भुंगेऱ्यांचे नव्हते, विझलेल्या दिव्याचे होते. तेव्हापासून सापळ्याइतकेच लक्ष मी त्याच्या ऊर्जास्रोताकडे देतो.

बदलता येणारे सेल कशासाठी?

लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले. आज मोबाइल, विजेरी, फवारणी पंप अशा अनेक साधनांत ते आहेत. साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर त्यांची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. बंद बांधणीच्या पॉवर बँकेत सेल थकले, की बहुधा संपूर्ण उपकरणच टाकून द्यावे लागते. उघडता येणाऱ्या पेटीत केवळ सेल बदलले, की काम भागते. शिवाय प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो. गावोगाव फिरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला याचे मोल अधिक आहे, कारण कीड-रोग सर्वेक्षणाच्या नोंदी आता मोबाइलवरच होतात.

अशा पेट्यांत बहुधा '१८६५०' आकाराचे सेल बसतात. या आकड्यातील १८ म्हणजे मिलिमीटरमधील व्यास, ६५ म्हणजे लांबी आणि शेवटचे शून्य दंडगोल आकार दर्शवते. '२१७००' हे त्यांचे थोडे मोठे भावंड. दोन्ही आकार एकाच पेटीत बसतीलच असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी पेटीचा आकार पाहावा.

क्षमतेचे गणित

चार सेलची पेटी घेतली आणि प्रत्येक सेल ३००० एमएएचचा असेल, तर एकूण १२,००० एमएएच होतात. ही क्षमता सेलच्या ३.६ व्होल्टवरची आहे, म्हणजे ४३.२ वॅट-तास. ५ व्होल्टमध्ये रूपांतर होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. ८५ टक्के कार्यक्षमता धरली, तर हाती सुमारे ३६.७ वॅट-तास उरतात. ३ वॅटचा दिवा त्यावर सुमारे १२ तास चालेल, म्हणजे सायंकाळी सातपासून पहाटेपर्यंत निर्धास्त. तेच सेल जुने होऊन ८० टक्क्यांवर आले, की हा अवधी दहा तासांच्याही किंचित खाली येतो. हंगामापूर्वी ही चाचणी घरीच घ्यावी.

पेटी निवडताना

- कमी विद्युतप्रवाहावरही पुरवठा चालू ठेवण्याची सोय आहे का, ते विचारावे. अनेक पॉवर बँका ५० ते १०० मिलीअँपिअरपेक्षा कमी भारावर आपोआप बंद होतात. आपलाच दिवा जोडून दोन तास पाहणे ही खरी परीक्षा.
- अतिभरण, अतिउपसा, शॉर्ट सर्किट आणि सेल उलटा बसणे या चारही धोक्यांपासून संरक्षण हवे.
- प्रत्येक सेलचे भरण स्वतंत्रपणे होणारी पेटी उत्तम. सर्व सेल समांतर जोडणाऱ्या पेटीत ते बसवण्यापूर्वी प्रत्येकाचा व्होल्टेज मल्टिमीटरने सारखा असल्याची खात्री करावी. अन्यथा भरलेल्या सेलमधून रिकाम्या सेलकडे एकदम मोठा प्रवाह वाहतो.
- संरक्षक पट्टी असलेले सेल काही मिलिमीटर लांब असतात. ते पेटीत जोर लावून बसवू नयेत.

सेल निवडताना

१८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता आज साधारण ३५०० एमएएचपर्यंत असते. वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेले दिसले, तर तो सेल घेऊ नये. वजनावरूनही अंदाज येतो : चांगला सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. तो फारच हलका लागला, तर संशय घ्यावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, फाटक्या वेष्टनाचे, गंजलेले सेल स्वस्त असले तरी टाळावेत. भारतीय मानक आयएस १६०४६ नुसार नोंदणीची खूण पाहावी आणि पावती घ्यावी. एका पेटीत एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे, एकाच वेळी घेतलेले सेल वापरावेत. एक सेल थकला, तर पूर्ण संच बदलावा.

याच आकारात ३.२ व्होल्टचे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलही मिळतात. ते ४.२ व्होल्टपर्यंत भरणाऱ्या पेटीत कधीही घालू नयेत.

शेतात वापरताना

भुंगेरे मारण्यासाठी सापळ्याखाली रॉकेलमिश्रित पाणी ठेवतात. पॉवर बँक त्यापासून दूर, वायर लांब घेऊन, पावसाचे पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवावी. दिवसा ती उन्हात किंवा बंद गाडीत राहू देऊ नये. सेल भरताना भोवतालचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आत हवे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भरण करणे म्हणूनच धोक्याचे. सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत न ठेवता प्लास्टिकच्या डबीत ठेवावेत.

हंगाम संपल्यावर सेल निम्मे भरलेल्या अवस्थेत, पेटीतून बाहेर काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावेत. दर तीन महिन्यांनी व्होल्टेज पाहावा. दीर्घकाळ २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा भरण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याच्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा संभव असतो. बाद सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. उकिरड्यात किंवा शेकोटीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शेवटी एक साधी सवय सुचवतो. सापळ्याच्या नोंदवहीत किडींच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना आखावा : 'पहाटे दिवा चालू होता का?' त्या रकान्यात 'होय' असेल, तरच शेजारच्या शून्यावर विश्वास ठेवावा आणि तरच त्यावरून उपाययोजनेचा निर्णय घ्यावा.