पिल्लांना ऊब द्या, पण शेडला हवा ठेवा



दिवाळी सरली की आपल्या घोड-कुकडीच्या पट्ट्यात गारठा सुरू होतो. उसाला पाणी चालू असलेल्या रानाकडेला तर पहाटे हात काकडतात. अशा दिवसांत एक दिवसाची पिल्लं आणली की पहिली काळजी उबेची. पिल्लांच्या अंगावर नुसती लव असते, त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. बल्ब लावावेत तर लाइटचा भरवसा नाही. म्हणून गटातून कर्ज काढून गॅसवरची शेगडी, म्हणजे गॅस ब्रूडर, घ्यायचा विचार बऱ्याच जणी करतात. विचार चांगला आहे. पण ही शेगडी वापरायची रीत आहे, ती आधी समजून घेऊ.

आधी माझीच चूक सांगते. पहिल्या बॅचला थंडी लागेल म्हणून मी शेडचे पडदे वरपर्यंत ओढून घेतले. बाहेर बिबट्याची भीती, म्हणून रात्री पिल्लांजवळच गोधडी टाकून झोपले. पहाटे डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, उठताना तोल जात होता. सासूबाई हाक मारत आल्या आणि त्यांनी पडदा खाली सोडला. बाहेर बसल्यावर तासाभरानं बरं वाटलं. मला वाटलं थंडी बाधली. नंतर कळलं, ती थंडी नव्हती.

हा काय प्रकार असतो?

शेगडी जळते तेव्हा आपण श्वासाला घेतो तीच हवा ती खाते. शेड बंद असेल तर हवा कमी पडते, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. कोळशाच्या शेगडीचंही तसंच, उलट तिच्यात हा वायू जास्त. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, अंगातलं बळ जाणं ही त्याची लक्षणं. असं वाटलं तर आधी बाहेर या, इतरांना बाहेर काढा, मग दवाखाना गाठा.

म्हणून पहिला नियम: शेडमध्ये शेगडी चालू असताना कोणीही झोपायचं नाही, लेकरांना तर अजिबात नाही. दुसरा नियम: पडदा खालून वर ओढायचा आणि वरच्या बाजूला फूटभर फट ठेवायची. पिल्लांच्या अंगावर वारं येत नाही आणि खराब हवा वरून निघून जाते. बिबट्याला अडवते ती मजबूत जाळी आणि कडी, पडदा नाही. रात्री पाहायला जायचं तर गजर लावून, बॅटरी घेऊन, दोघींनी मिळून जा.

शेगडी लावताना

१. सिलेंडर शेडच्या बाहेर, सावलीत, सपाट जागी उभाच ठेवा. खड्ड्यात नको. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो.

२. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर घ्या. घेताना कडीजवळची खूण पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी म्हणजे पुढचे तीन-तीन महिने, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटलेली असेल तर सिलेंडर परत करा.

३. रेग्युलेटर आणि नळी शेगडीला चालणारीच हवी. नळीला नळी जोडून लांबवू नका, अंतर जास्त असेल तर माहीतगाराकडून पक्की पाइप टाकून घ्या. नळी उंदीर कुरतडतात, म्हणून दर बॅचला ती पाहा.

४. जोड झाल्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच तपासू नका.

५. शेगडी साखळीनं टांगा आणि वर दुसरी तारही बांधा. नळीच्या आधारानं लटकवू नका. खाली वाळलेलं तूस असतं, शेगडी पडली तर लगेच पेट घेईल. उंची किती ते शेगडीसोबतच्या कागदावर असतं. पडदे, पोती जवळ नकोत. वाळूची बादली हाताशी ठेवा.

६. पेटवताना वास येत नाही ना, ते पाहा. शेगडी विझली तर गॅस बंद करा, पाच मिनिटं हवा खेळू द्या, मगच परत पेटवा. जाळी सगळीकडे सारखी लाल दिसायला हवी. पिवळ्या ज्वाळा किंवा काजळी दिसली तर बंद करून साफ करून घ्या.

७. थंडीत गॅस कमी येतो म्हणून सिलेंडर तापवू नका, आडवाही करू नका.

ऊब किती?

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच शेगडी लावून तूस गरम करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस हवं, पुढं दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करा. थर्मामीटर ठेवा, पण पिल्लांकडेही बघा. शेगडीखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त. एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी वारं येतंय. सगळीकडे पसरून दाणा-पाणी खात असतील तर सगळं ठीक.

गॅसचा वास आला तर

रेग्युलेटर बंद करा. सगळे पडदे खालपर्यंत सोडा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. मोबाइल शेडपासून लांब गेल्यावरच वापरा. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. तो शेडच्या दारावर खडूनं मोठा लिहून ठेवा.

शेवटी एक हिशोबाची गोष्ट. कर्जाची मागणी लिहिताना नुसती शेगडीची किंमत धरू नका. रेग्युलेटर, नळी, साखळी, थर्मामीटर हेही त्यात धरा. पुढच्या मासिक बैठकीत ज्यांच्याकडे शेगडी आहे त्या तायांनी पडदा आणि नळी कशी ठेवली ते सगळ्यांना सांगावं. पिल्लं गेली तर बॅच पुन्हा भरता येते. घरातली बाई गेली तर ती जागा कोणी भरत नाही.