शाळा एक, उत्तरे दोन



कसारा, शहापूर, मुरबाड भागातील पाड्यांवर पालकांना ‘शाळा कशी आहे?’ असे विचारले, तर बहुधा ‘बरी आहे’ असे उत्तर येते. तोच प्रश्न मुलाला विचारला, तर ते कधी खाली मान घालून गप्प राहते. दोघेही खरेच सांगत असतात. दोघांची मापे मात्र निराळी असतात.

आईबापांचे माप त्यांच्या कष्टांतून आलेले असते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल सोबत नेले तर त्याचे वर्ष बुडते. आश्रमशाळेत राहण्याची सोय आणि दोन वेळचे जेवण मिळते, मूल भट्टीपासून दूर राहते, एवढ्यावर त्यांचे समाधान असते. शिवाय जे स्वतः शाळेत गेले नाहीत, त्यांना गुरुजींना आणखी काही विचारायला संकोच वाटतो.

मूल रोजचा दिवस मोजते. घरची कातकरी किंवा ठाकरी बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. उत्तर चुकले की वर्ग हसतो. रात्री आईची आठवण येते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर काही मुले परत जायला तयार होत नाहीत, आणि बाप विचारात पडतो, ‘सगळे फुकट मिळते, मग याला झाले काय?’

कधी उलटेही होते. मुलाला शाळेत मित्र, खेळ, मायेने शिकवणाऱ्या बाई मिळतात. ते खूश असते. पण थोरला दहावी होऊनही मजुरीलाच गेला, म्हणून बापाचे मन शाळेवरून उडालेले असते.

हे अंतर तसेच राहिले की मूल हळूहळू शाळेतून गळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. पण सभा मजुरीच्या दिवशी असेल तर पाड्यावरची आई येणार कशी? आणि आली, तरी मुलाचे म्हणणे तिला आधी माहीत हवे.

म्हणून पाड्यावर भेटीला जाल तेव्हा मुलाशीही बोला. ‘शाळा आवडते का?’ याला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘जेवायला कोणाशेजारी बसतोस? बाईंना काय विचारायचे राहून गेले?’ असे विचारा. आईबापांनाही जवळ बसवा. कदाचित तेही हे प्रथमच ऐकत असतील.